पाच सेंटिमीटर

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळपासून सत्तेचाळीस पोटं मोजली! युनिटची वार्षिक तपासणी. उंचीच्या मानाने वजन जास्त भरलं की जवान आमच्या दोन टेबलांकडे येतो — कमरेला फीत. नव्वद सेंटिमीटरच्या आत असला तर पळायच्या चाचणीला. वर गेला तर आधी डॉक्टर, आणि बढती थांबली. चौदा वर्षं हेच करतेय.

दुपारी एक हवालदार समोर आले. चाळिशीचे, घामाघूम. "ताई, तुम्ही सायखेड्याच्या पुंजाअण्णांच्या ना? मी नवनाथ. तुमच्या मागच्या गल्लीतला."

किती वर्षांनी कुणी अण्णांचं नाव घेतलं! अण्णा गेले आणि माहेराला कुलूप लागलं. भाऊ नाहीच. यंदाच्या भाऊबीजेलाही घरीच बसले होते.

फीत लावली — चौऱ्याण्णव. कारकून वाल्मीक मागून ओरडला, "मॅडम, जपून, फीत तुटेल! बढतीवाले साहेब आहेत!" पोरं खिदळली. नवनाथचा चेहरा उतरला.

"श्वास आत घ्या," मी हळूच म्हटलं.

"राहू द्या ना, ताई."

लाजले असतील. मी फीत कातडीत रुतेपर्यंत ओढली. एकोणनव्वद लिहिलं.

५ नोव्हेंबर

कालपासून मन हलकं आहे. भावाला ओवाळून आल्यासारखं. वेडी कुठली!

१० नोव्हेंबर, सोमवार

आज पाच किलोमीटरची चाचणी होती. चौथ्या किलोमीटरला नवनाथ खाली बसले. मग आडवे झाले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

वाल्मीक माझ्या टेबलाशी येऊन रडला. "मी त्यांची चेष्टा केली हो, मॅडम." मी त्याला पाणी दिलं.

११ नोव्हेंबर

मेजरसाहेबांनी रजिस्टर उघडून विचारलं, "एकोणनव्वद. मोजमाप बरोबर आहे?"

"हो, सर."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चौऱ्याण्णव लिहिलं असतं तर आधी डॉक्टरांनी तपासलं असतं. सोमवारी ते पळालेच नसते. सकाळी उठल्यावर एवढंच सुचतं, आणि झोपतानाही एवढंच.

आज भाजी करपली. हर्षाली म्हणाली, "आई, लक्ष कुठंय तुझं?" लेकीला काय सांगू?

नोकरी जाईल याची भीती वाटते, इथे तरी खोटं कशाला लिहू. पण त्याहून भीती वाटते त्यांच्या बायकोची. सुवर्णा नाव तिचं. तिला कळायला हवं. ते माझ्याच तोंडून.

आणि वर मी म्हणे दया केली! कुणावर? मला माहेरचं माणूस हवं होतं. मिळालं, आणि पाच सेंटिमीटरमध्ये मीच ते घालवलं.

१८ नोव्हेंबर

उद्या दहावा. सायखेड्याला जाणार. आधी सुवर्णाला सांगणार, मग साहेबांना.

१९ नोव्हेंबर, बुधवार

घाटावर सुवर्णानेच माझा हात धरला. म्हणाली, "जिना चढला का छातीत दुखायचं त्यांच्या. डॉक्टरला सांगायची लाज. पोरं हसतील म्हणायचे. मुद्दाम तुमच्या रांगेत उभे राहिले, ताई. गावची बाई हाय, खरं तेच लिहील, मग डॉक्टर आपणहून बोलावतील, म्हणले. घरी आले तर एकोणनव्वद! मीच म्हणले, बघा, काय नाय झालं तुम्हाला. पळा बिनधास्त. मीच पळवलं हो त्यांना, ताई."

मी खरा आकडा सांगितला.

तिने माझा हात सोडला.