पाच ग्रेनची खाच

मी, व्हर्ना हल्डा ऑस्टरगार्ड, वय एकोणऐंशी, राहणार अँटलर फोर्क, मोंटाना, पूर्वीची शिक्षिका, सोळा वर्षं परगण्याच्या समितीची सभासद आणि आजही गावातल्या कुठल्याही सभेत कोणी न सांगता बोलायला उभी राहणारी बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी वाद घालून पाहावा. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न आजवर तिघांनी केला, त्यांतले दोघे गाव सोडून गेले. यापूर्वीची माझी चारही मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती मी रागाच्या भरात लिहिली होती. हे मी लाजेपोटी लिहीत आहे. लाज कसली, ते सातव्या कलमात येईल. वाचणाऱ्याने मधली कलमं गाळून तिकडे जाऊ नये.

कलम एक. माझं राहतं घर, कुंपणासह आणि कुंपणाला टेकलेल्या सफरचंदाच्या झाडासह, माझी भाची कोरिन हिला द्यावं. कोरिन ही माझा धाकटा भाऊ लेलंड याची मुलगी. स्वयंपाकघरातली उत्तरेकडची खिडकी १९८८ पासून उघडलेली नाही. ती उघडण्याच्या फंदात कोणी पडू नये; भिंत तिच्याच आधाराने उभी आहे असा माझा संशय आहे.

कलम दोन. बँकेतली शिल्लक गावच्या वाचनालयाला. त्यातून नवी कपाटं करावीत. अट एकच: इतिहासाची पुस्तकं खालच्या फळीवर ठेवू नयेत. इतिहास वाचावासा वाटतो तो म्हाताऱ्यांना, आणि वाकता येत नाही तेही म्हाताऱ्यांनाच. हा मुद्दा मी वाचनालयाच्या बैठकीत सहा वेळा मांडला आहे. मेल्यावर तरी ऐकतील.

कलम तीन. रुबार्बच्या आंबट देठांच्या गोड पाईची माझी कृती चर्चमधल्या ग्लॅडिसला द्यावी, साखरेचं माप खोडून. तिला कारण ठाऊक आहे.

कलम चार. तळघरात एक हिरवी लोखंडी पेटी आहे. तिच्यात तीन मेलेले डिजिटल वजनकाटे आहेत. बाहेरच्या माणसाला याचा उलगडा व्हावा म्हणून सांगते. आमच्याकडे झाडलेल्या काडतुसाची पितळी नळी कोणी फेकत नाही. ती साफ करायची, तळाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू तोलून आत घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. सारा जीव त्या तोलण्यात असतो. माप ग्रेनचं, एका ग्रॅमचे पंधरा ग्रेन होतात. कमी पडली तर गोळी भरकटते, जास्त झाली तर बंदूकच तोंडावर येते. म्हणून आमच्या गावात पंथ दोनच: दांडीच्या तराजूचा आणि डिजिटल काट्याचा. चर्च बदललं तर इथे कोणी विचारत नाही.

पहिला काटा गावच्या नेमबाजी क्लबने घेतला २००३ मध्ये. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत त्याच्या प्लास्टिकच्या पारड्यात स्थिर वीज साचायची आणि पारडं रिकामं असताना आकडे आपोआप चढायचे. दोन वर्षांत गेला. दुसरा गरम हवेच्या झरोक्याखाली ठेवला होता; शेगडी लागली की तो वर जाई, विझली की खाली येई. तो चार वर्षं जगला. तिसऱ्यावर क्लबचा अध्यक्ष मर्विन थॉरसन याने कोपर टेकून गोष्ट सांगितली. गोष्ट लांब होती. आत वजन पेलणारी जी नाजूक पट्टी असते ती वाकली, आणि तेव्हापासून तो कशालाही एकच वजन सांगायचा.

सभांमध्ये मी हे तिन्ही काटे एकेक करून टेबलावर मांडत असे आणि शेवटी विचारत असे, "कोंबडीइतकं आयुष्य असलेल्या यंत्राच्या हाती तुम्ही तुमचा डोळा देणार का?" टाळ्या पडत. आज लिहून देते की त्यांतला एकही म्हातारपणाने मेला नव्हता. तिघांना आम्ही मारलं. पेटी पुरून टाकावी. वर भाषण करू नये.

कलम पाच. माझा दांडीचा तराजू, १९६८ सालचा, ज्याला ना तार, ना बॅटरी; तो कोणाला द्यायचा ते सातव्या कलमात. दांडीवर दोन सरकती वजनं आहेत. मोठं खाचांमध्ये बसतं, एकेक खाच पाच ग्रेनची. धाकटं ग्रेनचे दशांश दाखवतं. दांडी समेवर आली की माप झालं. पृथ्वी ओढते आहे तोवर हा तराजू चालेल, आणि पृथ्वीचं काही बिनसलं तर काडतुसांची चिंता कोणाला राहणार नाही, हे माझं वाक्य या परगण्यात शाळकरी मुलांनाही पाठ आहे. ते वाक्य मी मागे घेत नाही. त्याच्या पुढचं एक वाक्य मला सुचायला साडेआठ वर्षं लागली, एवढंच.

कलम सहा. माझ्या कपाटात जादा उशांच्या अभ्र्यांखाली चौथा डिजिटल काटा आहे. तो माझा नाही. तो लेलंडचा आहे, २०११ चा. तो माझ्या घरी कसा आला ते सांगणं भाग आहे.

२०१५ च्या ऑक्टोबरात क्लबच्या वार्षिक नेमबाजीच्या दिवशी मर्विनने नव्या डबीतलं पहिलं काडतूस झाडलं. आवाज नेहमीपेक्षा मोठा आला. मर्विनची टोपी मागे गवतात जाऊन पडली, भुवया गेल्या आणि नळी आत अशी चिकटली की बंदुकीचा बोल्ट, म्हणजे मागची कडी, हातोडीने उघडावा लागला. डोळे वाचले. मर्विन उठून म्हणाला, "माझी टोपी कोणी पाहिली का?" आणि मग खाली बसला.

डबी भरणाऱ्याने तिच्यावर सही करायची असा क्लबचा नियम, आणि या डबीवर सही लेलंडची होती. त्याच दिवशी सभा भरली. लेलंड म्हणाला, "ती डबी मी भरली नाही." मी म्हणाले, "सही कोणाची आहे?" तो म्हणाला, "सही माझी, पण..." आणि त्या 'पण'च्या पुढे मी त्याला जाऊ दिलं नाही. चाळीस मिनिटं बोलले. रोमच्या साम्राज्यापासून सुरुवात केली. शेवटी ठराव झाला की क्लबात डिजिटल काटा वापरायचा नाही, लेलंडने भरण्याच्या खोलीची किल्ली परत करावी आणि त्याचा काटा पुरावा म्हणून माझ्या ताब्यात राहावा. उरलेली एकोणीस काडतुसंही मीच ठेवून घेतली. लेलंडने किल्ली टेबलावर ठेवली, मर्विनला म्हणाला, "भुवयांना व्हॅसलीन लाव," आणि निघून गेला. तो माझ्यापासून पाच किलोमीटरवर राहतो. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे नाताळच्या कार्डावरच्या दोन सह्या.

कलम सात. या मार्चमध्ये मी पाचवं मृत्युपत्र लिहायला बसले ते डिजिटल काट्यांवर कायमचा शिक्का मारायला. आकडे नेमके असावेत म्हणून ती एकोणीस काडतुसं उघडली आणि प्रत्येकातली दारू माझ्या तराजूवर तोलली. असायला हवी होती एक्केचाळीस ग्रेन. निघाली सेहेचाळीस. दुसऱ्यात सेहेचाळीस. तिसऱ्यात सेहेचाळीस. मला वाटलं, दांडी अडकते आहे. नाइलाजाने अभ्रे उचलले, लेलंडचा काटा काढला, नवी बॅटरी घातली, काट्याला चिकटवलेल्या त्याच्या चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे अर्धा तास गरम होऊ दिला आणि त्याचं वीस ग्रॅमचं पितळी प्रमाण वजन वर ठेवलं. हे वजन लेलंड प्रत्येक डबीच्या आधी आणि नंतर ठेवून पाहायचा. मी त्याला म्हणायचे, "तुझा देवावर विश्वास आहे पण गुरुत्वाकर्षणावर नाही."

साडेआठ वर्षं अभ्र्यांखाली पडलेला काटा. आकडा आला वीस. शून्य, शून्य. मला इतका राग आला की मी चहा करून प्यायले आणि पुन्हा ठेवून पाहिलं. वीस.

मग प्रत्येक काडतुसाची दारू त्यावर तोलली. एकोणीसच्या एकोणीस, सेहेचाळीस.

डिजिटल काटा चुकतो तेव्हा भरकटतो. आता एक दशांश वर, मग दोन दशांश खाली. सगळीकडे बरोब्बर पाच ग्रेन चुकणं त्याला जमत नाही, कारण त्याला खाचा नसतात. पाच ग्रेनची खाच माझ्या तराजूला आहे. मोठं वजन चाळिसाच्या जागी पंचेचाळिसाच्या खाचेत बसलं होतं. आणि मग सगळं आठवलं. डबी भरायची त्या सकाळी लेलंडची वासरं न्यायला ट्रक आला होता. लेलंडने नळ्या तयार करून डबीवर सही केली होती आणि जाता जाता म्हणाला होता, "बाकीचं तू भर." मी भरलं. प्रमाण वजन ठेवून पाहिलं नाही. का पाहू? माझ्या तराजूवर संशय घ्यायची माझी पद्धत नव्हती.

तर पुढचं वाक्य हे: जो तराजू शंभर वर्षं टिकतो तो शंभर वर्षं चुकीचंही सांगू शकतो, आणि त्याला बॅटरी नसल्यामुळे तो मध्ये थांबतही नाही. वक्त्यांचंही तसंच आहे.

सबब, माझं काडतुसं भरण्याचं टेबल, गोळी बसवायचं दाबयंत्र, दोन्ही तराजू आणि वरील कबुली मी भाऊ लेलंड यास देते. हे मृत्युपत्र माझ्या निधनानंतर क्लबच्या सभेत मोठ्याने वाचावं.

पुरवणी. वरचा मजकूर मी वकील पेट्रा होल्म यांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"कायद्याने ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही गेल्यावर हे वाचलं जाणार. लेलंडने उत्तर कोणाला द्यायचं? दगडाला?"

"उत्तराची अपेक्षा नाही," मी म्हणाले.

"ती तुमची कधीच नसते, व्हर्नाबाई."

मी त्यांना दहा वर्षं ओळखते. इतकं नेमकं त्या कधी बोलल्या नव्हत्या. घरी येऊन मी फोन केला. लेलंड आला, कोट न काढता स्वयंपाकघरात बसला, पुढे ठेवलेली पाई आधी खाल्ली आणि मग कागद वाचला.

"पाच?" तो म्हणाला.

"पाच."

"सगळ्यांत?"

"एकोणीसच्या एकोणीस."

त्याने बशी बाजूला सारली. "म्हणजे माझा काटा सुटला."

"तूही सुटलास, लेलंड."

"मी आधी काट्याचं विचारतोय. कुठाय तो?"

मी आणून दिला. त्याने तो खिडकीपासून दूर, गार हवेच्या वाटेबाहेर ठेवला आणि चालू केला. मग अर्धा तास आम्ही दोघं त्याच्यासमोर बसून राहिलो, कारण काटा गरम व्हायचा होता. मग त्याने वजन ठेवलं, आकडा पाहिला आणि कोट काढला.

"अभ्र्यांखाली ठेवलास?"

"हो."

"बॅटरी काढून?"

"त्याच दिवशी. त्या गळतात."

"मग जगणारच," तो म्हणाला. मला वाटतं, साडेआठ वर्षांत माझ्याबद्दल तो बोललेला हा पहिला चांगला शब्द.

मग त्याने सातवं कलम बोटाने दाखवलं. "हे टेबल मला नको."

"का?"

"तू मरणार, मग मला टेबल मिळणार, मग लोक ऐकणार. मी सत्तरीचा आहे, व्हर्ना. तू किती दिवस टिकशील याचा भरवसा नाही. तुझ्या तराजूसारखी आहेस तू."

"मग काय हवंय?"

"चाळीस मिनिटं बोलून तू मला बाहेर काढलंस. येत्या रविवारी उभी राहा आणि तीन मिनिटांत आत घे."

"तीन मिनिटांत माझी प्रस्तावनाही होत नाही."

"म्हणूनच," तो म्हणाला आणि पाईचा दुसरा तुकडा मागितला.

मी पन्नास वर्षं व्यासपीठावर उभी राहिले आहे. धरणाविरुद्ध बोलले, शाळेसाठी बोलले, एकदा वादळात वीज गेली तरी बोलत राहिले. या तीन मिनिटांइतकी कशालाही घाबरले नव्हते. आज दुपारी बोलले. रोम गाळलं. मेलेले काटे नेले नाहीत. फक्त माझा तराजू नेला, मोठं वजन पंचेचाळिसाच्या खाचेत ठेवून, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या प्रत्येकाला तो हातात दिला. शेवटी म्हणाले, "ती डबी मी भरली. तो 'पण' म्हणत होता तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहत होतात. मीही माझ्याकडेच पाहत होते." टाळ्या पडल्या नाहीत. टाळ्यांशिवाय खाली बसायची मला सवय नाही. खुर्ची फार लांब वाटली. मग मर्विन उठला, किल्ली लेलंडपुढे ठेवली आणि म्हणाला, "आता माझ्या भुवयांची भरपाई कोणाकडे मागायची तेवढं सांगा."

सबब, सातव्या कलमातली देणगी खोडली आहे. टेबल, दाबयंत्र आणि माझा तराजू क्लबला द्यावा. लेलंडचा काटा लेलंडचाच आहे. तो त्याने हवा तर आणावा. नियम असा: दारूचं माप दोन्ही तराजू एकच सांगत नाहीत तोवर एकही डबी खोलीबाहेर जाणार नाही, सही कोणाचीही असो. डिजिटल काट्याचं आयुष्य कमी असतं हे माझं मत कायम आहे. तो मेला की दुसरा आणावा, आणि त्याच्यावर कोपर टेकू नये.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं पेट्राबाई सांगतात. मर्विनला मी काही देत नाही. तो साक्षीदार नसता तरी दिलं नसतं. लेलंडला त्याच्याच हट्टामुळे काही मिळत नाही, म्हणून तोही चालतो.

हे सर्व मी समजून उमजून, कलमं घरी आणि पुरवणी क्लबच्या लांब टेबलावर, उष्ट्या बशा बाजूला सारून लिहिलं आणि खालील दोघांसमोर सही केली.

स्थळ: अँटलर फोर्क
दिनांक: १४ एप्रिल २०२४, रविवार

सही: व्हर्ना हल्डा ऑस्टरगार्ड

साक्षीदार एक: मर्विन थॉरसन. बाई शुद्धीवर होत्या. आम्ही नव्हतो.

साक्षीदार दोन: लेलंड ऑस्टरगार्ड, भाऊ. वेळ मी लावत होतो. तीन मिनिटं ठरली होती, भिंतीवरच्या घड्याळाने अकरा झाली. चौथ्या मिनिटाला मी घड्याळ खिशात टाकलं.