लिफ्टवाल्यानं जिना चढू नये

तीर्थस्वरूप ताईस,

पोट आड येईल तिथपर्यंत वाकून नमस्कार. तुझी कंबर आता काय म्हणते? भावोजींचा खोकला गेला, की त्यांच्या इतर सवयींसारखा घरातच राहिला? इकडे आम्ही ठीक आहोत. मागच्या वेळी फोनवर तू विचारलंस की माझा आवाज असा खोल गेल्यासारखा का येतो. तेव्हा ही शेजारीच बसली होती, म्हणून मी हवेवर ढकललं. खरं कारण भूक. आता सगळं सविस्तर लिहितो, म्हणजे तुला चारचौघांकडून तिखटमीठ लावलेलं ऐकावं लागणार नाही. (तिखट आणि मीठ, दोन्ही आमच्याकडे सध्या कमीच आहे.)

भावोजींचा अजून समज आहे की मी लिफ्टमध्ये स्टुलावर बसून लोकांना मजले विचारतो. मी लिफ्ट दुरुस्त करतो, हे त्यांना कृपा करून पुन्हा एकदा सांग. तर लिफ्टच्या छताला एक झडप असते. ती उघडून छतावर चढायचं आणि वरचे दोर, चाकं, तारा तपासायच्या. ही झडप ज्यानं आखली तो माणूस बहुतेक उपाशीपोटी कामाला बसला असावा. इतकी वर्षं मी तिच्यातून सहज आरपार जात होतो. पुढे पुढे जरा तिरका होऊन जाऊ लागलो, आणि एके दिवशी गेलोच नाही. कमरेच्या वर मी अंधारात आणि खाली पाय लिफ्टमध्ये लोंबकळत, अशी माझी फाळणी झाली. माझा जोडीदार (माझ्याहून वयानं मोठा, अंगानं काडी) खालून पाय धरून ओढायला लागला, तेव्हा पँट त्याच्या हातात आली आणि मी होतो तिथेच राहिलो. तेवढ्यात त्या इमारतीतल्या वकिलांनी बटण दाबलं. दार उघडलं, त्यांनी ते उघडे पाय पाहिले, माफ करा म्हणाले आणि जिन्यानं निघून गेले. शेवटी चाकांना लावायचं ग्रीस मला लावून मला मोकळं केलं.

ही बातमी साहेबांकडे माझ्या आधी पोचली. आमचे साहेब स्वतः इतके भरलेले आहेत की ते खुर्चीतून उठतात तेव्हा खुर्चीही थोडी उठते, पण साहेबाला झडपेतून जावं लागत नाही. ते म्हणाले, पुढच्या तपासणीपर्यंत आरपार जाऊन दाखव, नाहीतर तक्रारींच्या फोनवर बस. ताई, तो फोन म्हणजे काय असतं ते तुला कळायचं नाही. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस तिकडून ओरडतो, त्याला आपण धीर द्यायचा आणि सोडवायला मात्र दुसराच कोणी जाणार. मला ते वरचं काम आवडतं. तिथे अंधार असतो, तेलाचा वास असतो आणि कोणी काही विचारत नाही. ते सुटेल अशी मला भीती वाटत होती, हे मी हिलाही सांगितलं नव्हतं. तिला ते न सांगताच कळलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी तिनं मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कमी खा, हळू खा, चाला. एवढंच सांगायला एवढं शिकावं लागतं हे मला पटलं नाही. हिला पटलं.

ही छापखान्यात मुद्रितं तपासते, म्हणजे लेखकानं जास्तीचं लिहिलेलं काढून टाकायचं काम. तिनं तेच माझ्या ताटाला लावलं. मोठं ताट फळीवर गेलं आणि त्याच्या जागी नाश्त्याची बशी आली. अर्ध्या बशीत भाजी, उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग, आणि त्यांतल्या एकात भात, असा हिशेब. लोणी गेलं, साखर गेली, रात्रीचं उशिराचं काहीतरी गेलं (त्या काहीतरीला नाव नव्हतं, पण आमचं जिव्हाळ्याचं होतं). घास बत्तीस वेळा चावायचा. आपण चावत बसलो की भूक वाट बघून बघून निघून जाते, असं तिनं कुठेतरी वाचलं होतं. माझी भूक चिवट निघाली, ती बसून राहिली. एक मात्र सांगतो, ही स्वतःही तेच जेवायला लागली. मी म्हणालो, तू कशाला, तू तर मुळातच फुंकर मारली तर उडशील. एका घरात दोन स्वयंपाक होणार नाहीत, म्हणाली, आणि तो विषय तिथे मिटला.

राहता राहिलं चालणं. मी ठरवलं की कामाच्या इमारतींत वर जायचं ते जिन्यानं. वकिलांच्या त्याच इमारतीत तेव्हा माझं रोजचं काम चालू होतं. हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून मी जिना चढायला लागलो आणि इथेच घात झाला. ज्याच्या हातात लिफ्टची नाडी, तोच माणूस लिफ्टला हात न लावता धापा टाकत जिन्यानं जातोय, यावरून लोकांनी काढायचा तो अर्थ काढला. वकील दुसऱ्या दिवसापासून जिन्यानं. त्यांना पाहून समोरचे जिन्यानं. आठवडा उलटला तोवर अख्खी इमारत जिन्यावर होती आणि लिफ्ट एखाद्या रुसलेल्या जावयासारखी तळमजल्यावर उभी.

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांना सगळे बाई म्हणतात. मी नेमका त्यांच्या दाराशी दम खायला थांबायचो. त्यांनी मला आत बोलावलं, पंख्याखाली बसवलं, पुढ्यात चहा आणि केकचा तुकडा ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "मला एकटीला सांग. दोर तुटायला आलाय ना?" मी म्हणालो, बाई, लिफ्ट ठणठणीत आहे. त्यांनी दुसरा तुकडा ठेवला. त्यांच्या मते वरून दबाव असल्याशिवाय माणूस इतक्या शांतपणे खोटं बोलत नाही, आणि दबाव केकनं सैल होतो. मी खरं तेच सांगत होतो आणि बाई सत्यशोधनासाठी रोज नवा केक करत होत्या. मग वरच्या मजल्यांवरही माझी अशीच चौकशी सुरू झाली. कोणी बिस्किटं, कोणी लोणी लावलेला पाव. नाही म्हणावं तर संशय वाढतो, हो म्हणावं तर पोट.

पुढच्या वेळी वजनाच्या काट्यावर उभा राहिलो तर काटा पुढे गेलेला. हिनं काटा भिंतीपासून लांब सरकवून मला पुन्हा उभं केलं. काटा आणखी पुढे गेला. (भिंतीला हात टेकून उभं राहण्याचा फायदा मला तेव्हा कळला.) ती रागावली नाही. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मग त्या फोनवर बसशील का? मला खरं सांग." मी म्हणालो, नाही बसवणार, आणि बाईंच्या केकचं सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती कामावर जाण्याआधी बाईंकडे जाऊन आली. काय बोलली माहीत नाही, पण त्यानंतर तिसऱ्या मजल्यावर मला पाणी आणि काकडी मिळू लागली, तीही दारातच.

इकडे इमारतीनं साहेबांकडे रीतसर तक्रार केली की तुमचा माणूस लिफ्टचा दोष लपवतो. साहेब स्वतः आले. सगळ्यांना तळमजल्यावर गोळा करून म्हणाले, ही लिफ्ट आठ माणसांची आहे, आपण आठजण बसून वर जाऊ, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. साहेब, मी, वकील, बाई आणि वरचे चारजण असे आत शिरलो. जास्त वजनाची घंटा वाजू लागली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर आलो. घंटा वाजतच राहिली. मग कोणीच कोणाकडे पाहिना. शेवटी बाई शाळेतल्या आवाजात साहेबांना म्हणाल्या, "तुम्ही बाहेर उभे राहा." साहेब बाहेर आले, घंटा थांबली आणि लिफ्ट बाकीच्यांना घेऊन सुरळीत वर गेली. लिफ्टची अब्रू राहिली. आम्ही दोघं जिन्यानं निघालो आणि चढता चढता मी त्यांना माझ्या पथ्याचं सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर साहेब पायरीवर बसले आणि त्यांनी रुमालानं मान पुसली. मग म्हणाले, "ते हळू चावण्याचं काय असतं म्हणालास?" मी त्यांना बशीचा हिशेब समजावला. आता ते रोज सकाळी मला फोन करून भात किती हे विचारतात.

तपासणी झाली. साहेब खाली उभे होते. मी श्वास सोडला, खांदे तिरके केले आणि झडपेतून आरपार गेलो. शर्टाचं एक बटण गेलं, ते धरत नाही. वर गेल्यावर मी छतावर जरा वेळ नुसताच बसून राहिलो. तर काम टिकलं, हे मुख्य. भावोजींना नमस्कार सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझा
धाकटा

ता. क. : खरं लिहायचं होतं ते राहूनच गेलं. मी उतरलो त्याच्या दुप्पट ही उतरली आहे. हातातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकतं. डॉक्टरांकडे मी माझ्यासाठी गेलो, तर त्यांनी मला सोडून हिच्याकडेच पाहिलं आणि हिनं वजन वाढवायला हवं म्हणाले. मी लोणी आणलं, मोठं ताट खाली काढलं, तिच्यापुढे ठेवलं. भूक नाही म्हणते. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते. चार दिवस ये आणि तिच्यासोबत जेवायला बस. कंबर दुखत असेल तरी ये, आमच्या इमारतीची लिफ्ट मी स्वतः पाहिली आहे.

ता. क. दुसरा, माझ्याकडून : ताई, हे आत पाकीट शोधायला गेलेत म्हणून घाईत लिहिते. मला भूक लागते. चांगली लागते. पण मी लोणी लावलेला पाव हातात घेतला की हे समोर गाजर चावायचे थांबतात आणि त्या पावाकडे असे बघतात की घास खाली उतरत नाही. हे त्यांना कसं सांगू? तुम्ही याच. माझ्यासोबत जेवायला बसू नका. जेवायच्या वेळी त्यांना कुठेतरी लांब फिरायला घेऊन जा.