सालामान्कातलं सुतक

सालामान्का, स्पेन
जानेवारीची अखेर, १९५७

ती. बुधाजीमामांस,

लवूचा सप्रेम जयभीम. (पूर्वी इथे शिरसाष्टांग नमस्कार लिहीत होतो. आता तुम्ही सगळे बौद्ध झालात, तेव्हा साष्टांग चालतो की नाही ते ठाऊक नाही. मामीच्या मात्र पाया पडतो म्हणून सांगा, तिला दुसरं काही चालायचं नाही.) मी इथे बरा आहे. बरा म्हणजे सर्दी, पायाच्या बोटांना पडलेल्या भेगा आणि एक जळालेली पँट धरून बरा. तुमचा खांदा कसा आहे? फाउंटनला लाठी बसली ती नेमकी उजव्या खांद्यावर, आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या प्रचाराचा झेंडाही तुम्ही त्याच खांद्यावर घेणार. घोडपदेवपासून लालबागपर्यंत एकही जिना तुम्ही सोडला नसेल. मामी जे तेल चोळते ते निवडणूक होईपर्यंत तरी बंद करू नका.

मी इथे कशाला आलोय ते चाळीत अजून कुणाला समजलेलं नाही, असं तुमच्या शेवंतीने लिहिलंय. फोर्टातल्या स्पॅनिश पाद्रीबाबांनी मला भाषा शिकवली आणि खटपट करून वर्षभराची शिष्यवृत्ती मिळवून दिली. भाषा सुधारायची आणि इथल्या लोकांत राहून त्यांच्या रीतीभाती बघायच्या, एवढंच काम आहे. आमच्या बाबांनी तेव्हाच विचारलं होतं, "त्या भाषेत गिरणीचा भोंगा वेगळा वाजतो काय रे?" वेगळा वाजत नाही. इथे भोंगाच नाही, चर्चच्या घंटा आहेत, आणि त्या रात्रपाळीलाही सुट्टी देत नाहीत.

मी राहतो ते घर दोन्या रेमेदिओस नावाच्या विधवा बाईंचं. (दोन्या म्हणजे आपल्याकडे नावापुढे बाई लावतात तसं.) बाई वयाने मामीएवढ्या, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत. घरात ऊब म्हणजे जेवणाच्या टेबलाखाली ठेवलेली निखाऱ्यांची परात. टेबलावर जाड कापड टाकायचं, त्यात पाय घालून बसायचं आणि क्रियापदं पाठ करायची. भविष्यकाळापर्यंत पोचलो तोवर पँट पेटली होती. आल्या आल्या बाईंनी मला धर्म विचारला. हिंदू? म्हटलं, नाही. मुसलमान? नाही. देवा, प्रोटेस्टंट तर नव्हे? तेही नाही. घरचे लवकरच बौद्ध होणार आहेत आणि मीही त्यांच्याबरोबर, हे मी जमेल तशा स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे आत्ता तू कोणीच नाहीस? तेव्हा आपलं व्याकरण कच्चं आहे असं मी समजलो.

वर्गात बार्सिलोनाकडचा एक मुलगा आहे. आपल्या भाषेच्या राज्यासाठी मुंबईत माणसं गोळ्या खाऊन मेली, हे मी त्याला मोठ्या अभिमानाने सांगत होतो, तर त्याने उठून दार लावलं. त्याची घरची भाषा वेगळी आहे आणि ती शाळेत शिकवायला सरकारची बंदी आहे. "आणि तुम्ही हे रस्त्यात ओरडता?" त्याने हळूच विचारलं. म्हटलं, माझे मामा तर ढोलकीवर ओरडतात. त्या दिवसापासून तो तुमच्या खांद्याची चौकशी करतो.

आता मुख्य गोष्ट. बाबासाहेब गेल्याचं तुमचं पत्र मला नाताळच्या आदल्या संध्याकाळी मिळालं. इथल्या पेपरात आलं असलं तरी मी ज्या पानावर क्रियापदं शोधत होतो तिथे नव्हतं. म्हणजे तुम्ही सगळे दादरच्या चौपाटीवर होतात तेव्हा मी इथे ओल्या मोज्यांची काळजी करत हिंडत होतो. घरात बाईंचे नातेवाईक जमलेले, पोरं डफ वाजवून गाणी म्हणताहेत, टेबलावर मासळी, आणि मी दारातच पत्र हातात घेऊन उभा. बाईंनी विचारलं, काय झालं? मी काय सांगायला हवं होतं? पुढारी गेले म्हटलं असतं तर त्यांनी हातात मासळीची बशी दिली असती. गुरू म्हटलं असतं तर मास्तर समजल्या असत्या. आणि तेवढं जुळवायला डोकं तरी कुठे चालत होतं? तोंडातून निघून गेलं, "माझा बाप गेला."

मामा, डफ त्या क्षणी थांबला. बायकांनी मला खुर्चीत बसवलं, एका म्हाताऱ्याने माझं डोकं पोटाशी धरलं, आणि मी पत्र आल्यापासून पहिल्यांदा रडलो. हमसून हमसून रडलो. मग खुलासा करायचा कसा? माणसं आपला सण टाकून माझ्याभोवती बसलेली. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर बाई परसात मोठ्या हंड्यात काहीतरी ढवळत होत्या. त्यात माझा कोट होता. माझे दोन्ही सदरे होते. शेवंतीने विणलेला निळा स्वेटरही होता. इथे घरचं माणूस गेलं की काळे कपडे घालतात आणि नवे घ्यायची ऐपत नसेल तर आहेत ते काळ्या रंगात उकळतात. रीतीभाती बघायला आलो होतो, त्या अंगावर आल्या.

तेव्हापासून मी काळा हिंडतो. (आधीच गोरा नव्हतो, आता दिवे लागल्यावर नुसते दात दिसतात.) पाववाला टोपी काढतो. प्राध्यापक पाठीवर हात ठेवून क्रियापदं माफ करतात. तिसऱ्या दिवशी बाईंनी वडिलांच्या आत्म्यासाठी प्रार्थना सांगायचं ठरवलं आणि नाव विचारलं. आता बाबांचं नाव कसं देणार? ते तिकडे परळला धडधाकट. म्हणून मी खरंच गेलेल्याचं नाव दिलं. चर्चमधल्या पाद्र्याने विचारलं, त्यांचा बाप्तिस्मा झाला होता ना? मी तोंड उघडायच्या आत बाईंनी ठणकावून सांगितलं, झाला होता. मग एवढ्या थंड दगडी चर्चमध्ये त्या पाद्र्याने लॅटिनच्या मध्येच "भीमराव" म्हटलं. उच्चार पार बिघडवला, पण म्हटलं. मी गुडघ्यांवर होतो. देवाच्या पाया पडणं सोडलेल्या माणसाने परदेशात जाऊन गुडघे टेकले, हे चाळीत सांगू नका. पण मामा, मला दुसरीकडे कुठे उभं राहायला जागा नव्हती.

मागल्या आठवड्यात बाईंनी वडिलांचा फोटो मागितला, समोर दिवा ठेवायला. माझ्या ट्रंकेत पेपरातून कापलेला बाबासाहेबांचा एकच फोटो आहे. तो दिला. बाईंनी खिडकीपाशी नेऊन खूप वेळ पाहिला. सूट, टाय, चष्मा. मग म्हणाल्या, "तुझे वडील गिरणीत कापड विणतात म्हणाला होतास." मी सगळं सांगितलं. पाणवठ्यापासून सगळं, जेवढं येतं तेवढ्या स्पॅनिशमध्ये. आणि शेवटी, माझे वडील जिवंत आहेत, मी तुम्हाला फसवलं, हेही. मला वाटलं, आता ट्रंक रस्त्यावर जाणार.

बाईंनी उठून खिडकी लावली. त्यांचा नवरा शाळामास्तर होता. इथल्या यादवी लढाईच्या पहिल्याच उन्हाळ्यात, आज राज्यावर आहेत त्यांच्या बाजूची दोन ओळखीची माणसं आली, दोन मिनिटं जरा बाहेर या म्हणाली. मास्तर सपाता घालूनच गेले. परत आले नाहीत. कुठे पुरले ते कोणी सांगितलं नाही, आणि मेले म्हणायचीही सोय नव्हती. त्यांच्यासाठी काळं घातलं असतं तर बाईंनाही दोन मिनिटं बाहेर बोलावलं असतं. म्हणून त्यांनी खेड्यातली आत्या वारली असं सांगून कपडे उकळले. "आत्या जिवंत होती," बाई म्हणाल्या. "पुढे बरीच वर्षं जगली. मेलीने मला कधी माफ केलं नाही." आणि मामा, त्या हसल्या. मीही हसलो. मग दोघांनाही हसणं आवरेना, आणि नंतर ते हसणं राहिलं नाही.

शेवटी डोळे पुसून त्या म्हणाल्या, "कपडे बदलू नकोस. लोकांना सांगितलंय ते तसंच राहू दे." फोटो त्यांनी कपाटावर ठेवलाय. शेजारी जागा रिकामी आहे. मास्तरांचा एकही फोटो त्यांनी तेव्हा घरात ठेवला नव्हता.

बाकी सर्व ठीक. मामीस व शेवंतीस जयभीम. अभ्यास चालू आहे.

आपला भाचा,
लवू

ता. क. बाबांचा आत्मा इथे तीनदा स्वर्गात पोचवला गेलाय, हे त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. चौथ्याची बाईंनी तयारी केली होती, ती मी थांबवली.

ता. क. चौपाटीवरचं तुम्ही चारच ओळी लिहिलंत. बाई रोज विचारतात आणि मी माझ्या मनाने भर घालून सांगतो. कोण कुठे उभं होतं, तिथेच दीक्षा घेताना काय म्हणवून घेतलं, शेवंती कुणाचा हात धरून होती, ते सगळं लिहा.

ता. क. हे तिसरं लिहायचं नव्हतं. नाताळनंतर तुमची दोन पत्रं आली, शेवंतीचं एक. तिन्हींत समितीची खबर आहे, मामीच्या दाताची आहे, चाळीतल्या नळाच्या भांडणाची आहे. बाबांबद्दल एक शब्द नाही. पूर्वी निदान "दगडूचा खोकला तसाच" एवढं तरी असायचं. हे पत्र घरी न पाठवता तुम्हाला पाठवतोय ते त्यासाठीच. असेल ते खरं कळवा. ऐकायची माझी तयारी आहे असं नाही. पण कळवा.