पाहणीच्या दिवशी सुट्टी

४ जून

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या गुडघ्याची चौकशी मुद्दामच करत नाही. केली की तुम्ही दोन पानं गुडघ्यावरच लिहिता आणि बाकीची बातमी समासात कोंबता.

इकडे आमचे सगळ्यांचे हातपाय गळालेत. ज्या प्रतिष्ठानाच्या अनुदानावर आमची दुरुस्तीशाळा चालते, तिथल्या बाई पुढच्या आठवड्यात पाहणीला येणार आहेत. त्यांच्या मनात भरलं तर आणखी एक वर्ष निधी मिळेल. नाही तर महिनाअखेर खोली सोडायची, आणि नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बायकांनी पुन्हा लोकांची भांडी घासायला जायचं.

बायका तिथे नक्की काय करतात, असं तुम्ही विचारलं होतंत. बोळकंडीसारखी लांबट खोली आहे, भिंतीला लागून टेबलं, टेबलांवर पोटं उघडलेले पंखे, मिक्सर, इस्त्र्या. शिकवायला एक निवृत्त वायरमनकाका आहेत. माणूस देवासारखा शांत, पण एका बाईपुढे त्यांनीही हात टेकलेत. तिचं नावच सगळ्यांनी प्रश्नपत्रिका पाडलंय. तार तांब्याचीच का? आलेली वीज परत कुठे जाते? पंखा उलटा फिरवला तर मीटरही उलटं फिरेल का? विचारता विचारता ती भलतंच टोक भलतीकडे लावते आणि अख्ख्या गल्लीचा फ्यूज उडतो. आता पाहणीच्या दिवशी हे झालं तर, या विचाराने माझी झोप उडालीय.

मामींना नमस्कार. लोभ कमी करू नये, प्रश्न कमी केले तरी चालतील.

तुमची,
खारूताई

९ जून

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

गुडघा ठीक आहे. बघ, एका ओळीत आटोपलं!

तुझी ती प्रश्नपत्रिका मला फार आवडली. मीटरचं मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनला विचारलं. तो आधी हसला, मग डोकं खाजवायला लागला, मग माझ्यावरच चिडला. तेव्हापासून जिन्यात भेटला तरी बघत नाही. मामीचं म्हणणं, या वयात शेजाऱ्यांशी वैर कशाला. पण मला उत्तर हवंय. वायरमनकाकांना विचारून कळव.

पाहणीचं फार मनाला लावून घेऊ नकोस. मी विम्याच्या पाहण्या करण्यात आयुष्य घालवलं. येणारा माणूसही घरून डबा घेऊन निघालेला असतो गं. काय काय झालं ते सविस्तर लिही, म्हाताऱ्याला हातचं राखून सांगू नकोस.

तुझा,
मामा

१७ जून

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

सविस्तर काय लिहू? आम्ही पाहणी अगदी झोकात पार पाडली आणि त्यातच बुडालो.

आमच्याकडून शिकून गेलेल्या, आता दुकानांत कामाला असलेल्या बायकांना मी बोलावून घेतलं. बिचाऱ्या एक दिवसाचा रोज बुडवून आल्या. काय हात चालत होते एकेकीचे! बाईंनी चहा संपवेपर्यंत तीन इस्त्र्या तापल्यासुद्धा. मी आपली कौतुकाने फुलून गेले होते. बाईंनी एकेकीला विचारलं, कुठे काम करता, घर नीट चालतं का. त्यांनीही अभिमानाने खरं ते सांगितलं. बाई खूश होऊन गेल्या.

काल निकाल आला. सगळ्या स्वतःच्या पायावर उभ्या आहेत हे पाहून आनंद झाला, आपल्या कामाची इथली गरज आता संपलेली दिसते, तेव्हा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवत आहोत, आणि शेवटी मनःपूर्वक अभिनंदन. ते अभिनंदन वाचून मला रडू कोसळलं, मामा. वायरमनकाका टेबलं पुसत बसले.

मीटरचं विचारायचं राहिलं.

माया असू द्या, सध्या तिचीच गरज आहे.

तुमची,
खारूताई

२१ जून

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

पत्र वाचून वाईट वाटलं. मामीने तर त्या प्रतिष्ठानाला मनसोक्त शिव्या घातल्या.

मला मात्र एकच गोष्ट कळली नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं. इस्त्र्या आहेत, चहा आहे, वायरमनकाका आहेत. प्रश्नपत्रिका कुठेच नाही. जळलेल्या दुकानाच्या पाहणीला गेलो की जागेवर काय आहे त्याच्या आधी काय नाही ते मी बघायचो. सवय जात नाही बघ. ती कुठे होती त्या दिवशी?

राग आला तर येऊ दे, पण उत्तर लिही.

तुझा,
मामा

२६ जून

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

राग आला. दोन दिवस तुमचं पत्र कपाटावर फेकून दिलं होतं.

नव्या बायकांना मी त्या दिवशी सुट्टी दिली होती. बाकीच्यांना निरोप धाडला, हिला मात्र समोर उभं करून सांगितलं की उद्या येऊ नकोस. तेव्हापासून ती आलेली नाही. आजारी असेल असं मी धरून चालले होते, तुमच्या पत्रानंतर शोधत गेले. एका खाणावळीच्या मागच्या अंगणात भांड्यांच्या ढिगाजवळ बसली होती, कोपरापर्यंत साबण. तिला वाटलं होतं, आपल्याला काढून टाकलं. चिडली नव्हती, हेच मला जास्त लागलं. तिने फक्त विचारलं, की ज्या शिकल्या त्यांना पैशाची गरज नाही आणि ज्या शिकल्या नाहीत त्यांना ताई सुट्टी देतात, मग ताईंनी पैसे मागितले तरी कुणासाठी?

मामा, तो प्रश्न घेऊनच मी तिथून निघाले. नाल्यावरून परत येताना मला माझीच लाज वाटत होती. घरी येऊन प्रतिष्ठानाच्या बाईंना सगळं खरं लिहिलं. तिचा प्रश्न जसाच्या तसा घातला, आणि कळवलं की एकदा न सांगता या. खोलीची मुदत मालकांनी कशीबशी महिनाभर वाढवून दिलीय. प्रश्नपत्रिका म्हणाली, खाणावळीतून सकाळची सुटका झाली तर बघेन.

आशीर्वाद जरा सढळ हाताने पाठवा.

तुमची,
खारूताई

१९ जुलै

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

निधी मिळाला! एका वर्षाचा. हे आधीच सांगून टाकते, नाही तर तुम्ही पत्र शेवटाकडून वाचाल.

बाई गेल्या मंगळवारी अवचित दारात उभ्या राहिल्या. वायरमनकाकांच्या तोंडात डब्यातला घास होता. नव्या बायकांनी एक मिक्सर उघडून ठेवलेला आणि त्याचे स्क्रू सगळ्या खोलीभर. प्रश्नपत्रिका आदल्याच दिवसापासून सकाळची यायला लागली होती. काकांना काहीतरी विचारता विचारता तिने प्लग लावला, फाट्कन आवाज झाला आणि गल्ली बंद. बाहेरून शेजाऱ्यांचा ठरलेला आरडाओरडा. मी मनात म्हटलं, संपलं सगळं.

पण ती घाबरली नाही. अंधुक उजेडात मिक्सर बाईंपुढे सरकवून तिने आपलं कुठे चुकलं ते दाखवलं, तार बदलली, काकांनी फ्यूज घातला, मिक्सर फिरला. बाईंनी तिला विचारलं, तुला नीट शिकायला अजून किती दिवस लागतील? तिने थोडा विचार केला आणि उलट त्यांनाच विचारलं, की बाई, पैसे नीट द्यायला शिकायला तुम्हाला किती दिवस लागले?

काकांनी जीभ चावली. आगाऊपणा नव्हता हो त्यात, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. बाई स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, अजून शिकतेय गं, गेल्या महिन्यात इथेच येऊन मीही एक फ्यूज उडवून गेले.

मामींना नमस्कार. तुमचा लोभ आहे, म्हणून तर इतकं लिहवतं.

तुमची,
खारूताई