बदलापूरचे घर आभाताईचे

गुरुवार, दि. १४ मार्च २००२, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. बर दुबईतल्या आमच्या टायपिंग सेंटरचे शटर अर्धे खाली आहे. मालक मुश्ताकभाई आत आडवे झाले आहेत. मी एक व्हिसाचा अर्ज अर्धवट ठेवून हा कागद घेतला आहे.

मी, सुजीत अरुण वालावलकर, वय पंचवीस, शिक्षण दहावी, हे कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. डोके शाबूत आहे. शनिवारी सकाळी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर काळजीचे कारण नाही म्हणाले, पण सही दोन ठिकाणी घेतली. माझे काही बरेवाईट झाल्यास खालीलप्रमाणे करावे.

१. बँकेतली शिल्लक आईला, म्हणजे हेमा वालावलकर हिला. तिने ती देवळात देऊ नये, गुडघ्यांच्या औषधाला वापरावी.

२. बदलापूरचा फ्लॅट कागदावर माझा आहे. त्याचे सगळे हप्ते माझी थोरली बहीण आभा हिने अबू धाबीकडच्या रुवैसच्या शाळेतल्या पगारातून भरले. करार करताना बाबा म्हणाले, मुलीचे लग्न झाले की घर परक्यांचे होईल, सुजीतचे नाव घाला. आमच्यात असेच करतात, म्हणून कोणालाच ते खटकले नाही. बाबा गेल्या वर्षी गेले. हा फ्लॅट मी आभाताईला देत आहे, तिचे लग्न होवो वा न होवो. तिच्यावर पालक, कारभारी किंवा देखरेख करणारा कोणीही नेमलेला नाही.

हे शेवटचे वाक्य बाबांचे भाऊ, इथेच दुबईत असणाऱ्या शैलेंद्रकाकांसाठी आहे. मंगळवारी ते फोनवर म्हणाले, नाव आभाचे राहू दे, कारभार मी बघतो.

ताई उत्तर-मध्ययुगातल्या राण्यांवर प्रबंध लिहिते आणि तो टाइप मी करतो, त्यामुळे हे बोलणे किती जुने आहे ते मला माहीत आहे. मालदीवमध्ये खदीजा राणीच्या नावाने हुकूम सुटत, पण कारभार वजीर असलेला नवरा बघे. पुढे त्यानेच तिला उठवून गादी घेतली. दुसऱ्या नवऱ्यानेही तेच केले. ती दोन्ही वेळा परत बसली. ताईवर तशी वेळ येऊ नये.

पण खरी झोप उडाली ती त्याआधीच्या, रझियाच्या प्रकरणाने. दिल्लीच्या सुलतानाने मुलांना वगळून मुलीला, रझियाला, वारस ठरवले होते. तो गेल्यावर सरदारांनी मुलालाच बसवले. सुलतानाचे ऐकले नाही, तर टायपिस्टचे कोण ऐकणार? ताईला विचारले, त्याचे चुकले कुठे? ती म्हणाली, "सरदारांना सांगितलं, पण त्यांना शब्दात बांधून नाही घेतलं."

३. फ्लॉपी, मराठी शब्दकोश व कीबोर्ड ताईला. शेवटचे प्रकरण टाइप व्हायचे आहे. ते मुश्ताकभाईंना देऊ नये. ते "हो जाएगा हबीबी" म्हणतील आणि मराठी त्यांना वाचता येत नाही.

४. खोलीतल्या दगडूने माझा रेडिओ उसना नेला तो दिलाच नाही. मागणे सोडले. आता तो त्याचाच. सोबत नेलेली इस्त्री मात्र त्याने परत करावी, ती मुश्ताकभाईंची आहे.

५. हे कलम पाच वाजता लिहीत आहे. काकांना मुद्दाम बोलावून घेतले. त्यांनी सगळे उभ्यानेच वाचले.

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तर."

मी म्हणालो, आहे, म्हणून तर साक्षीदार तुम्ही हवेत. ते म्हणाले, त्यासाठी कोणीही चालतो. मी ताईला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि कलम दोन वाचून दाखवले. आधी ती माझ्यावरच घसरली. "मेल्यावर कशाला देतोस रे? जिवंतपणी दे की." मग म्हणाली, "काका, मी वाटा मागत नाहीये. माझंच मागतेय."

काकांनी कागद पुन्हा वरपासून वाचायला घेतला. आतून मुश्ताकभाई म्हणाले, "यल्ला शैलेंद्रभाई, एक साइन ही तो है." काकांनी पेन मागितले.

६. ताई म्हणाली तसे जिवंतपणीच द्यायचे म्हणून, मी वाचलो तर घरी सोडल्याबरोबर वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र करीन आणि त्यावरून तिकडे ताईच्या नावे बक्षीसपत्र नोंदवून घेईन. मग कलम दोनची गरज राहणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः टाइप केला, वाचला, शुद्धलेखन तपासले आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

ठिकाण : बर दुबई
दि. १४ मार्च २००२

सही : सुजीत अरुण वालावलकर

साक्षीदार :
मुश्ताक (हिंदीत वाचून दाखविल्यावर सही केली)

शैलेंद्र वालावलकर (सहीखाली स्वहस्ते : "सर्व वाचले. सुजीत बरा होईल. वकिलातीत त्याच्यासोबत मी जाईन.")