एकटा उभा सुळका

९ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं रडगाणं आणि सोबतचा मशीनने काढलेल्या आलेखाचा कागद पोचला. पत्र एकदा वाचलं, कागद दहादा पाहिला. वीस वर्षं प्रयोगशाळेतली काचभांडी घासतेय, असले कागद काही मला नवे नाहीत.

तू लिहितेस, तुझ्या पदार्थाच्या रेणूत अणूंचं एक गोल कडं, त्यावर चार हायड्रोजन. दोन एका तऱ्हेचे, दोन दुसऱ्या. प्रत्येकाला शेजारी हायड्रोजन एकच, म्हणून आलेखावरचा त्याचा सुळका दोनात फुटतो. म्हणजे सुळक्यांच्या दोन जोड्या हव्यात. त्या आहेत की! तंटा आहे तो मधल्या एकट्या सुळक्याचा. तुझ्या मार्गदर्शक बाई म्हणतात पदार्थच बिघडलाय. सोमवारपर्यंत खुलासा दे, नाहीतर तीन महिन्यांचं काम ओतून टाक.

अगं, डोळे उघड. दोन्ही जोड्यांचे आतले सुळके उंच, बाहेरचे बुटके. एकमेकींकडे कलल्यात, कुजबुजणाऱ्या जावांसारख्या. मधला मात्र ताठ. ना फुटलेला, ना कुणाकडे कललेला. तो घरचा नाहीच, आगंतुक आहे. पदार्थ भरून मशीनमध्ये घालतेस ती नळी कशाने धुतलीस? आणि उभी वाळवलीस ना? खरं सांग. इतक्या बारीक नळीत शेवटचा थेंब तळाशी हटून बसतो. धुतेस तशीच धू, वाळवतेस तशीच वाळव, पदार्थ न घालता नुसता द्रावक घाल आणि कागद काढ. मग हवं तेवढं रड.

जेवत जा. चिडलेय, पण माया आटलेली नाही.

तुझी आई

१४ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलीस! पदार्थाचा कण नाही, तरी तो ताठोबा त्याच जागी हजर. बेंझिन! त्याचे सहाही हायड्रोजन अगदी सारखे, म्हणून एकच सुळका. पदार्थ नळीला चिकटतो म्हणून मीच शेवटी बेंझिनने विसळायचे आणि नळी पेल्यात उभी ठेवायचे. आडव्या वाळवलेल्या कोऱ्या नळीत पदार्थ घालून पुन्हा कागद काढला, तर फक्त दोन जोड्या.

बाईंनी विचारलं, हे सुचलं कुणाला. म्हटलं, आईला, ती काचभांडी घासते. त्या म्हणाल्या, त्यांना चार दिवस इकडे बोलव, इथे सगळेच नळ्या उभ्या वाळवतात.

काम वाचलं गं. नवा कागद पाठवतेय. पण तू हे वाचायला शिकलीस कुठे? रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लवकर धाड.

तुझी चिमणी

१८ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

बेंझिनने विसळत होतीस? समोर असतीस तर कान उपटला असता. आमच्याकडे त्या विषाला कुलूप असतं.

कुठे शिकले म्हणे! शेजाऱ्यांमुळे सुळके फुटतात, हे तूच पहिल्या वर्षी लिहिलं होतंस. तेव्हापासून रद्दीतले कागद उलगडून शेजारी मोजते. निम्मं चुकतं. काल आमच्या साहेबांना तुझा कागद दाखवला, त्यांनी उलटा धरला. मीच सुलटा करून दिला.

आता तो नळामागच्या भिंतीवर चिकटवलाय. घासता घासता बघते. मलाही शेजारी एकच, तू. म्हणून मीही दोन ठिकाणी असते, थोडी इथे नळाखाली, थोडी तिकडे तुझ्यापाशी.

बाईंना सांग, पुढच्या रविवारी येते. तोवर एकही नळी उभी दिसता कामा नये.

तुझा लोभ असाच इकडे कललेला राहू दे.

तुझी आई