हॉपरवरची तीन बोटं

भनपुरी, रायपूर
६ ऑक्टोबर २०२५

चि. चेतना हिला मोठेबाबाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र पाहून हसू नको. फोनवर तू सगळं ठीक आहे एवढंच सांगतेस. कागदावर खोटं लिहायले माणसाले जरा वेळ लागते, म्हणून कागदच बरा.

काल नव्या रायपूरच्या हॉटेलात तुमच्या प्रकल्पाची बैठक झाली. मशीन बनवणारा म्हणून मलेही बोलावणं होतं. जे धातू परदेशातून मागवावे लागतात ते आपल्याच वाळूतून काढायचे, त्यासाठी चार राज्यांतल्या प्रयोगशाळा एकत्र आल्या, अशी भाषणं झाली. चांगली झाली. राइस मिलवाल्यांना धानातले खिळे ओढणारी चुंबकं विकत मी मोठा झालो. आता तेच चुंबक देशाच्या कामी येणार म्हणून तुझ्या मोठ्या आईनं सफारी कडक इस्त्री करून दिला होता. तिथंच घोळ झाला. जेवणाच्या रांगेत तुझ्या निरंजन साहेबांनी मले केटररचा माणूस समजून पापड संपल्याची तक्रार केली. गेल्या महिन्यात माझ्याच कारखान्यात येऊन मशीनचं उद्घाटन करून गेलेला माणूस. मी हव म्हटलं आणि तिथंच उभा राहिलो. केटररच्या माणसासमोर लोक मोकळे बोलतात.

शेजारच्याले ते सांगून राहिले होते की उद्घाटनाच्या नमुन्यात शिसं निघालं, म्हणजे त्या लडकीचा तरीकाच कच्चा आहे, पुढच्या टप्प्यात तिले हटवून आपल्या हाताखालच्या शेखरले बसवू. चेतना, तुझं नावसुद्धा त्यांच्या तोंडी नव्हतं.

तू हे आमच्यापासून काहून लपवलंस? खरं खरं लिही. माया आहेच, ती रागासकट घे.

तुझा मोठेबाबा,
दयाराम


विशाखापट्टणम
१३ ऑक्टोबर

ती. मोठेबाबांना चेतनाचा सविनय जयभीम, वि. वि.

पापडाचं वाचून हसले आणि पुढचं वाचून रडले. तुम्ही ऐकलं ते खरं आहे.

ही पद्धत माझीच, मी शिकत होते तेव्हापासूनची. बस्तरच्या नाल्यातली वाळू तुमच्या चुंबकातून गेली की काळे कण वेगळे होतात, ते आम्ही आम्लात विरघळवतो आणि हवा तो धातू काढतो. मोबाइलपासून विमानापर्यंत सगळ्यांना लागणारा. माझ्या टेबलावर या वाळूत शिसं कधीच सापडलं नव्हतं. तुमच्याकडच्या पहिल्या नमुन्यात मात्र निघालं, आणि तोच नमुना सरकारी कागदावर चढला. पुन्हा एकदा वाळू घालून बघू द्या, असं मी विनवलं. साहेब म्हणाले वेळ नाही, नोव्हेंबरच्या बैठकीत अहवाल जाणार. मला काढलं तर हीच पद्धत जराशी फिरवून दुसऱ्याच्या नावानं चालू राहील, हे मला दिसतंय.

रागावू नका, पण एक विचारते. मशीनजवळ कुठं जुनी बॅटरी, रंगाचा डबा, सोल्डरिंगचं काम होतं का? आणि कृपा करून कुणाशी भांडायला जाऊ नका. तुमचं भांडण ऐकायला अर्धी भनपुरी गोळा होते.

मोठ्या आईला जयभीम. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
चेतना


भनपुरी
१८ ऑक्टोबर

चि. चेतना हिला आशीर्वाद.

भांडलो नाही. अजून.

तुझं पत्र वाचून कारखाना उलटापालटा केला. बॅटरी नाही, डबा नाही, सोल्डरिंग तर मागच्या शेडमध्ये होते. मी उगाच स्वतःले शिव्या देऊन राहिलो होतो. मग परवा दिवाळीची सफाई निघाली आणि आपला फिटर मारोती विचारायले आला की हॉपरवरचा शेंदूर पुसायचा का. उद्घाटनापासून कुणी हात लावला नाही, कारण पूजेचा शेंदूर ज्यानं लावला त्यालेच पुसू द्यावा, असं या पोट्ट्यांचं म्हणणं.

मी जाऊन पाहिलं. जिथून वाळू ओततात त्या तोंडावरच तीन बोटं उठलेली, नारंगी, ठसठशीत. तेव्हा आठवलं. तू आत वजनकाट्यापाशी होतीस. निरंजन साहेबांनी पुरानी बस्तीतून पूजेचं ताट मागवलं होतं. नारळ फोडला, तेलात कालवलेल्या शेंदराची तीन बोटं ओढली, आणि फोटोवाला म्हणाला की सर, एक बार और, तर आणखी मोठा गोळा अक्षतांसोबत थेट हॉपरच्या आत टाकला. टाळ्या झाल्या. त्यावरच तुझी वाळू ओतली.

आपल्या घरी ही पूजा नाही, पण कामगारांची विश्वकर्मा पूजा मी कधी अडवली नाही. ते मशीनच्या पायाले टिळा लावतात. तोंडाले कुणी लावत नाही, दुसऱ्या दिवशी त्यावरच काम करायचं असते ना.

शेंदूर कशाचा बनते ते तूच सांग, डॉक्टर बाई. उरलेली वाटी झाकून कपाटात ठेवली आहे. यशदीप म्हणून राहिला की पापा, फेंक दो. मी नाही फेकत.

तुझा,
मोठेबाबा


विशाखापट्टणम
३ नोव्हेंबर

ती. मोठेबाबांना सविनय जयभीम.

तुम्ही वाटीतून पाठवलेली शेंदराची पुडी मिळाली. हा शेंदूर म्हणजे शिसंच आहे मोठेबाबा, जवळजवळ निव्वळ.

आधी एकटीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. चारचौघांत त्यांचा पाणउतारा नको, असं वाटलं. माझीच चूक. ते अगदी गोड बोलले. म्हणाले, पूजेचं कुठं कागदावर आणतेस, लोकांच्या भावना असतात. त्यापेक्षा वर्कशॉपवाल्याच्या निष्काळजीपणामुळे नमुना खराब झाला असं लिहू, सही तू कर. तुझी पद्धत सुटली, तुझी जागाही राहिली. वर्कशॉपवाले काय, एक गेला की दुसरा मिळतो.

तो वर्कशॉपवाला माझ्या बाबांचा मोठा भाऊ, हे त्यांना ठाऊकच नाही. मशीनचं टेंडर मी इथं येण्याआधीचं. तरी रुजू होताना मी नातं लेखी कळवलं होतं, आणि त्या कागदावर त्यांचीच सही आहे. न वाचता केलेली.

सही केली तर माझं काम वाचतं आणि तुमचं नाव जातं. तळपायाची आग मस्तकात गेली आहे. काय करू ते लिहा.

तुमची,
चेतना


भनपुरी
९ नोव्हेंबर

चि. चेतना,

करून टाक सही. माझी पाठ रुंद आहे. सरकारी काम गेलं तर राइस मिलवाले कुठं पळून जात नाहीत, आणि धानात खिळे निघतच राहतील. तुझं काम मात्र एकदा दुसऱ्याच्या नावावर गेलं की परत येत नाही.

हे माझं मत. तुझ्या मोठ्या आईचं वेगळं आहे. तिनं पत्र ऐकलं, कुकर बंद केला आणि म्हणाली की पोट्टीनं सही केली तर भीम जयंतीले या घरात पाय ठेवायचा नाही. दोन दिवसांपासून मले चहा फिका मिळून राहिला. ही बाई शेवंता नाही, सुप्रीम कोर्ट आहे.

आता तूच ठरव. जे करशील त्यात आम्ही आहोत, फिक्या चहासकट.

मोठेबाबा


विशाखापट्टणम
२२ नोव्हेंबर

ती. मोठेबाबा आणि मोठ्या आईला सविनय जयभीम.

सही केली नाही. चहात साखर घालायला हरकत नाही.

आमच्या प्रकल्पात एक पद्धत आहे. नमुना कुठला, कुणाचा, ते न सांगता नुसता क्रमांक टाकून चारही प्रयोगशाळांकडे तपासायला जातो, म्हणजे कुणी कुणाची भीड धरू नये. मी त्या पुडीतला शेंदूर तेल धुऊन, वाळवून, क्रमांक टाकून, सगळीकडे पाठवला. आपल्या साहेबांच्या प्रयोगशाळेलाही.

बैठकीत चारही उत्तरं वाचली गेली. सगळ्यांना शिसं सापडलं. एका प्रयोगशाळेनं तर विचारलं होतं की ही कुठली खाण, इतकं शिसं असेल तर लगेच खोदायला घ्यावी. निरंजन साहेबांच्या सहीचं उत्तर सर्वांत ठाम होतं. अध्यक्ष देवश्री मॅडमनी नमुना कुठला ते विचारलं. मी आपल्याच प्रकल्पाच्या चकचकीत पुस्तिकेतला फोटो पडद्यावर लावला. साहेब, ताट आणि शेंदराचा गोळा घेऊन हॉपरमध्ये गेलेला हात. खोलीत कुणी हसलं नाही. मग मॅडम हसल्या.

साहेबांनी अहवालात स्वतःच घातलेलं निष्काळजीपणाचं वाक्य खोडलं गेलं. येत्या आठवड्यात तुमच्याकडे पुन्हा वाळू घालायची, कमिटीसमोर. शिसं निघालं नाही तर पुढचा टप्पा माझ्याकडे. मी येणार नाही, कुणी म्हणायला नको की मी हात लावला. साहेब मात्र येणार आहेत. मशीन स्वच्छ करून ठेवा, आणि तोंड बंद ठेवा. दुसरं जमलं नाही तरी पहिलं नक्की करा.

तुमची,
चेतना


भनपुरी
४ डिसेंबर

चि. चेतना हिला मोठेबाबा आणि मोठ्या आईचे भरभरून आशीर्वाद.

शिसं नाही, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा मोठ्या आईनं साऱ्या पाऱ्यात, मोहल्लाभर, पेढे वाटले. आता जे फोनवर सांगितलं नाही ते लिहितो.

मशीन आतून-बाहेरून धुतलं. ती तीन बोटं तेवढी ठेवली. कमिटी आली, देवश्री मॅडमनी विचारलं की हे काहून राहिलं. मी हात जोडून सांगितलं की मॅडम, आमच्या कामगारांचा रिवाज आहे, ज्यानं लावलं त्यालेच पुसू द्यावं. मारोती घासलेटात भिजवलेलं फडकं घेऊन निरंजन साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. सगळा कारखाना थांबला होता, कुणी सांगितलं नव्हतं तरी. साहेबांनी कोट काढला. तेलातला शेंदूर लवकर निघत नाही. बराच वेळ घासत होते.

मी तोंड बंद ठेवलं, मोठ्या आईले विचार.

मग मारोतीनं हॉपरचं तोंड पुन्हा धुतलं, वाळू पडली, नमुने सीलबंद झाले, सगळे जेवायले बसले. पंगतीत मी स्वतः वाढायले उभा राहिलो. साहेबांच्या ताटात पापड ठेवला आणि विचारलं की आणखी आणू का, या वेळी भरपूर आहेत. तेव्हा कुठं त्यांनी मान वर करून माझा चेहरा पाहिला.

तुझ्या कामाइतकी आमची माया मजबूत आहे, हे ध्यानात ठेव.

तुझा मोठेबाबा,
दयाराम